प्रोबर्टांची चौदावी पिढी

इस्लविन : "बंधूंनो आणि भगिनींनो, राजे गेले, किल्ले ढासळले, कोळशाच्या खाणी बुजल्या, पण चार खंडांत पसरलेलं प्रोबर्ट हे नाव मात्र गेली चारशे वर्षं या डोंगरांसारखं अचल उभं आहे."

नेस्टा : तू जरा हल. टेबल पुसायचंय.

इस्लविन : वाक्य तरी संपू दे, नेस्टा. शनिवारच्या मेळाव्यात दोनशे माणसांसमोर बोलायचंय मला.

नेस्टा : एकशे सोळा. जेवण मी सांगितलंय, मला आकडा ठाऊक आहे. आणि कोपर उचल, खाली जॅम सांडलाय.

गेथिन : बाबा, तुमचं भाषण झालं की मला थोडं बोलायचंय.

इस्लविन : सूचना असतील तर कागदावर लिहून दे. तोंडी सूचना मी घेत नाही. प्रोबर्ट मंडळाचा नियम आहे.

नेस्टा : तो मंडळाचा सभासद म्हणून आला नाहीये, मुलगा म्हणून आलाय. तेही बायकोला आणि सहा आठवड्यांच्या लेकीला घरी ठेवून, दीड तास डोंगरातून गाडी हाकत. म्हणजे फोनवर सांगता येण्याजोगं नसणार. बोल रे.

गेथिन : उद्या माब्लीच्या जन्माची नोंदणी आहे. ॲबरिस्टविथला, साडेदहाला. बेचाळीस दिवसांच्या आत करावी लागते. उद्या एकेचाळिसावा.

इस्लविन : उशिरा का होईना, पण मुदतीत. हे अगदी आपल्या घराण्याला धरून आहे. आता हे बघ. मंडळाचं वार्तापत्र, पहिलं पान, वर डावीकडे. "चौदाव्या पिढीचं आगमन : माब्ली प्रोबर्ट."

गेथिन : छापून झालं?

इस्लविन : तीनशे बारा प्रती. ऑस्ट्रेलियाच्या परवाच टपालात पडल्या. मी अडतीस वर्षं पोस्टमन होतो, गेथिन. लांबचं टपाल आधी काढायचं असतं.

गेथिन : आम्हाला विचारायचं तरी.

इस्लविन : काय विचारायचं? मुलगी झाली का? तूच कळवलंस. तिचं नाव माब्ली? तेही तूच कळवलंस. उरलेलं चारशे वर्षांपासून ठरलेलं आहे. आणि तुला कल्पना नाही, या एका ओळीसाठी मी काय केलंय. वंशवृक्षात आजवर मुलगे सलग रेषेने दाखवत आलो, मुली ठिपक्यांच्या रेषेने.

नेस्टा : आणि सुना कंसात. मी एकोणचाळीस वर्षं कंसात आहे.

इस्लविन : ती छपाईची सोय आहे, नेस्टा. तर एप्रिलमध्ये तू कळवलंस की मुलगी होणार आहे. मी त्याच आठवड्यात कार्यकारिणी बोलावली. ठराव मांडला की यापुढे मुलीही सलग रेषेत. हेरफर्डचे डॉक्टर प्रोबर्ट उठले. म्हणाले, मुली सलग घ्यायच्या तर एवढा कागद कुठून आणणार. मी म्हणालो, कागद मी आणतो. मग पेन्सिल्व्हेनियाहून आलेलं एक लांबलचक पत्र वाचून दाखवण्यात आलं. त्यात परंपरा हा शब्द अकरा वेळा होता. मी राजीनामा देईन म्हणालो.

नेस्टा : तो तू दर बैठकीत देतोस. या खेपेला एकाने तो स्वीकारावा असा ठराव मांडला, ते सांग.

इस्लविन : अनुमोदन मिळालं नाही. शेवटी सात विरुद्ध दोन मतांनी माझी दुरुस्ती मंजूर झाली. चारशे वर्षांत सलग रेषेतली पहिली मुलगी, गेथिन. तुझी मुलगी.

गेथिन : बाबा, ती प्रोबर्ट नसणार आहे.

(चुलीवरची किटली शिट्टी देऊ लागते.)

नेस्टा : मीच उठते. कंसातल्या माणसांनाच ऐकू येतं वाटतं.

इस्लविन : कळलं. हेलेदच्या माहेरचं आडनाव लावताय. तिच्या वडिलांच्या साडेचारशे मेंढ्या आहेत, माझी एक सायकल. कळलं मला.

गेथिन : नाही. तिचंही नाही लावत. आडनावच लावणार नाही आम्ही. माब्ली वेर्ख गेथिन. एवढंच.

इस्लविन : वेर्क?

गेथिन : वेर्ख. गेथिनची मुलगी माब्ली. मुलगा असता तर अप गेथिन.

नेस्टा : तो ख तुझ्या घशातून निघायचा नाही, इस्लविन. राहू दे. वेल्श आडनावाच्या मंडळाचा अध्यक्ष आणि वेल्श येत नाही, हे शनिवारी कुणाच्या लक्षात येऊ देऊ नकोस.

इस्लविन : या भागात दोनशे वर्षं कुणाला येत नाही. तो माझा एकट्याचा दोष नाही. आणि हे वेर्ख वगैरे फॅड आहे. तुमच्या ट्रेगॅरनकडच्या मास्तर लोकांचं फॅड.

गेथिन : तुम्ही लिहिलेल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण आहे ते.

इस्लविन : इतिहास म्हणून आहे. इतिहासात नांगराला बैलही होते. उद्या बैल आणशील?

गेथिन : बाबा, तुम्हीच शाळेत येऊन आम्हाला सांगायचात. मी पुढच्या बाकावर असायचो, मान खाली घालून. की पूर्वी आडनाव नव्हतंच. बापाचं नाव लावायचं. रॉबर्टचा मुलगा शॉन तो शॉन अप रॉबर्ट, आणि शॉनचा मुलगा अप शॉन. नाव पिढीगणिक पुढे सरकायचं. मग ते थांबलं कसं, ते तर तुम्ही नेहमी उभं राहून सांगायचात.

इस्लविन : सांगायलाच हवं. ते मुळातलं आहे. सोळाशे आठचा जुलै. तीन आठवडे पाऊस हटला नव्हता आणि वर डोंगरावर शॉनचं गवत कुजायला आलं होतं. एका रविवारी लख्ख ऊन पडलं. शॉनने विळा घेतला.

नेस्टा : आणि पाद्र्याने चष्मा.

इस्लविन : चष्म्याचा पुरावा नाही. पण तक्रार झाली, आणि रविवारचा विसावा मोडला म्हणून शॉनला हेरफर्डच्या धर्मपीठासमोर उभं केलं. तिथल्या इंग्रज कारकुनाला आपली भाषा येत नव्हती. नाव काय? शॉन अप रॉबर्ट. कारकुनाने ते एका दमात ऐकलं, एका दमात लिहिलं. जॉन प्रोबर्ट. शिक्षा अशी की तीन रविवार पांढरी चादर पांघरून चर्चच्या दारात उभं राहायचं. दोन रविवार तो उभा राहिला.

गेथिन : आणि तिसऱ्या?

इस्लविन : तिसऱ्या रविवारी पुन्हा ऊन पडलं.

नेस्टा : हे मी हजार वेळा ऐकलंय, तरी दर वेळी मला तो माणूस आवडतो.

इस्लविन : मग दुसऱ्यांदा पुकारा झाला. कारकुनाने आधीचं पान उलटलं आणि त्याच नावाने हाक मारली. जॉन प्रोबर्ट हाजिर हो. नाव चिकटलं ते तिथे. एकदा सापडला असता तर पुसलं गेलं असतं. त्याचा भाऊ हू त्याच शेतात होता, पण तो कुंपणामागे लपला. त्याचं नाव कुठेच लागलं नाही. त्याची पोरं अप हू म्हणत राहिली, आणि त्यांचे वंशज आज प्यू आहेत.

नेस्टा : म्हणजे शेजारचा डेन्झिल प्यू तुझा भाऊबंदच की. तरीच कुंपणावरून तुमचं जमत नाही.

इस्लविन : दहाव्या पिढीपलीकडलं नातं मंडळ मानत नाही.

गेथिन : म्हणजे बाबा, शनिवारी एकशे सोळा माणसं जे नाव मिरवायला येणार आहेत ते एका परक्या कारकुनाने, गुन्ह्याच्या वहीत, न समजता लिहिलेलं आहे. आणि रॉबर्ट हे नाव तरी आपलं कुठे? ते फ्रान्सहून आलेल्या नॉर्मन लोकांनी आणलेलं.

इस्लविन : नाव बाहेरचं असेल. माणूस आपला होता.

गेथिन : त्या माणसाबद्दल काय माहिती आहे तुम्हाला?

इस्लविन : त्याला मुलगा होता.

नेस्टा : बस?

इस्लविन : दोन होते.

नेस्टा : चहा घ्या. मनुक्यांचा पाव कापते. पोट भरल्यावर भांडण जरा खालच्या पट्टीत होतं.

इस्लविन : मला भांडायचंच नाहीये. मी फक्त विचारतोय. शॉनचे नातू खोऱ्यात उतरले, त्यांची मुलं लोखंडाच्या भट्ट्यांवर गेली, त्यांची मुलं कोळशात, आणि तिथून बोटीने जगभर. जिथे कोळसा तिथे प्रोबर्ट.

नेस्टा : जिथे खोकला तिथे प्रोबर्ट.

इस्लविन : खोकलाही होता. माझे आजोबा त्यानेच गेले. पण त्या सगळ्यांना एकत्र कशाने बांधलं? मी बावीस वर्षांचा होतो, नोकरीत नवा. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरटहून एक पाकीट आलं. वर पत्ता नव्हता. "प्रोबर्ट, वेल्स," एवढंच. सात प्रोबर्टांनी ते उघडून, वाचून, पुन्हा चिकटवून पुढे पाठवलं होतं. शेवटी ते माझ्या पिशवीत आलं. आत एका म्हातारीचं पत्र होतं. तिला मरण्याआधी कळायला हवं होतं की आपलं कुणी अजून तिकडे आहे का. मी तिला लिहिलं, आहे. ती आपल्या शाखेची नव्हती, हे मला पुढे अकरा वर्षांनी कळलं. तोवर ती गेली होती, आणि मंडळाचे चाळीस सभासद झाले होते.

गेथिन : हे तुम्ही शाळेत कधी सांगितलं नाहीत.

इस्लविन : शाळेत सांगण्यासारखं नाही ते. मी काय म्हणतोय ते लक्षात घे. ते पाकीट नावावर चाललं. उद्या ही पोर मोठी होईल, कुठे तरी निघून जाईल. आपण नसू. तिला कुणी शोधायचं ठरवलं, तर ते कुठल्या नावाने शोधणार? माब्ली, गेथिनची मुलगी? असे गेथिन किती असतील. तुमच्या पद्धतीने दोन पिढ्यांत माग पुसतो. मी आयुष्यभर तो माग काढलाय, मला ठाऊक आहे कुठे पुसतो ते. एक पिढी आडनाव विसरली की पुढे नुसती पांढरी जागा. माझ्याकडे अशा पांढऱ्या जागांची एक पेटी आहे.

नेस्टा : जिन्याखाली. व्हॅक्यूम क्लीनर ठेवायला जागा नाही.

गेथिन : मी तेच सांगायला आलोय, बाबा. म्हणजे भांडायला नाही. हेलेदच्या घरी मी पहिल्यांदा गेलो ना, तेव्हा तिची आजी मागच्या दारात मटार सोलत बसली होती. तिने मला नाव विचारलंच नाही. विचारलं, तू कुणाचा? मी म्हणालो, प्रोबर्ट. ती म्हणाली, ते मी विचारलं नाही. मी म्हणालो, इस्लविनचा. कोण इस्लविन? पोस्टमन. मग बस म्हणाली.

नेस्टा : शहाणी बाई.

गेथिन : मग तिने विचारलं, इस्लविन कुणाचा? ट्रेफोरचा. ट्रेफोर कुणाचा? आणि तिथे मी थांबलो. तेरा पिढ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाचा मी एकुलता एक मुलगा, आणि मला पणजोबाचं नाव येईना. मटार सोलता सोलता तिने स्वतःच्या नऊ पिढ्या सांगितल्या. कागद नाही, पेटी नाही. तिच्या कुणाला कधी आडनाव सांभाळावं लागलं नाही, आणि एकही जागा पांढरी नव्हती.

इस्लविन : पुस्तक होतं तुझ्याकडे. प्रकाशनाच्या दिवशी मी सही करून दिलं होतं.

गेथिन : हो. पुस्तक होतं, म्हणूनच पाठ करायची गरज वाटली नाही. नावाचंही तसंच आहे. प्रोबर्ट म्हटलं की झालं, पुढे कुणी विचारत नाही. मग मी बसलो आणि तुमच्याच पुस्तकातून पाठ केलं. सहा आठवडे माब्लीला झोपवताना तेच म्हणतोय. माब्ली वेर्ख गेथिन अप इस्लविन अप ट्रेफोर अप आयझॅक अप जोसाया अप

इस्लविन : एलियास.

गेथिन : काय?

इस्लविन : आयझॅकचा बाप एलियास. जोसाया हा एलियासचा भाऊ, तो सातव्या वर्षी नदीत गेला. तू चुकीच्या रेषेवर उतरलास. ते पान बघताना बोट खाली ठेवावं लागतं, मी नेहमी सांगतो.

गेथिन : एलियास. मग जेंकिन?

इस्लविन : जेंकिन. मग टोमॉस, मेरेदिद, वॉटकिन.

गेथिन : वॉटकिनपर्यंत नऊ होतात.

इस्लविन : होतात. म्हण बघू पुन्हा.

गेथिन : सगळं?

इस्लविन : सुरुवातीपासून म्हण. इस्लविनपर्यंत आलास तरी चालेल.

गेथिन : माब्ली वेर्ख गेथिन अप इस्लविन.

नेस्टा : कान लाल झाले तुझे.

इस्लविन : चहा गरम आहे.

गेथिन : बाबा, ती माब्ली प्रोबर्ट झाली तर तिच्या नावात तो रॉबर्ट येतो. ज्याला दोन मुलगे होते, बस. असं म्हटलं की तुम्ही येता. तिला कुणी विचारलं, तू कुणाची, की तिला तुमच्यावरूनच पुढे जावं लागणार. दुसरा रस्ता नाही.

इस्लविन : हे असं विचारतं कोण हल्ली?

गेथिन : आमच्याकडे सगळेच विचारतात. दुकानातसुद्धा.

नेस्टा : आणि या सगळ्या अप-अपमध्ये, जिने तिला नऊ महिने वागवलं ती कुठे आहे?

गेथिन : हेलेदने तेच विचारलं. दुसरं मूल झालं तर ते तिच्या नावाने. पूर्वी अधूनमधून लावायचे आईचं नाव. आणि आई, जुन्या पद्धतीत बायका लग्नानंतर नाव बदलायच्याच नाहीत. तू मरेपर्यंत नेस्टा वेर्ख एलिसच राहिली असतीस.

नेस्टा : हे मला एकोणचाळीस वर्षांनी कळतंय. इस्लविन, हे तुला माहीत होतं?

इस्लविन : पान एकशे चव्वेचाळीस. तळटीप.

नेस्टा : तळटीप.

इस्लविन : बारीक टाइप होता. तुझ्या डोळ्यांना त्रास होईल म्हणून मी बोललो नाही.

नेस्टा : माझे वडील एलिस मेंढ्यांच्या बाजारात नुसतं एलिस म्हणून हाक मारली की वळायचे. त्यांचं नाव मी एका शनिवारी दुपारी चर्चमध्ये ठेवून आले आणि मला कुणी सांगितलंही नाही की न्यायला परवानगी आहे. असो. ती रविवारची केकची कापं कुणी खाल्ली नाहीत, ती घे गेथिन, हेलेदला दे.

इस्लविन : एक मुद्दा उरतो. वार्तापत्र.

गेथिन : त्याबद्दल मला वाईट वाटतंय. खरंच.

इस्लविन : ऑस्ट्रेलियाच्या प्रती परत येणार नाहीत. टाकलेलं पत्र परत येत नाही, हे मी लोकांना दारात उभं राहून सांगितलंय. शनिवारी डॉक्टर प्रोबर्ट उठणार. म्हणणार, जिच्यासाठी नियम बदलला ती मुलगी प्रोबर्टच नाही. ती ठिपक्यांतसुद्धा बसत नाही.

नेस्टा : आणि त्यांचं बरोबर असेल.

इस्लविन : थांब. ठरावाचा मसुदा मी केला होता. "प्रोबर्टांच्या पोटी जन्मलेली प्रत्येक मुलगी." जन्मलेली. नाव लावणारी असं मी लिहिलेलं नाही.

नेस्टा : मुद्दाम?

इस्लविन : घाईत. पण मंजूर झालंय. सात विरुद्ध दोन.

गेथिन : ते पुन्हा मतदान मागतील.

इस्लविन : मागू देत. मी राजीनामा देईन.

नेस्टा : या वेळी घेतील तो, इस्लविन. मी गंमत नाही करत. त्या दिवशी अनुमोदनासाठी एक हात अर्धा वर आला होता. मी मागे चहा देत होते, मी पाहिलाय.

इस्लविन : मीही पाहिला होता.

नेस्टा : पस्तीस वर्षं चालवलंयस तू ते मंडळ.

इस्लविन : पेटी त्यांना नेऊ दे. जिन्याखालची जागा मोकळी होईल.

गेथिन : बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी आणि हेलेद अजून एकदा

इस्लविन : मी नाही म्हणालो का? मी चूक सुधारली. एलियास. उद्या तिथे कागदावर नऊच्या नऊ लिहून घेतात का?

गेथिन : नाही. फक्त तिचं नाव, आमची नावं.

इस्लविन : मग तुझ्या चुकीने काही बिघडलं नसतं. पण तो कारकून काय लिहितो ते कुणी तरी खांद्यावरून बघायला हवं. शॉनबरोबर कुणी असतं तर आज इतका गोंधळ नसता. साडेदहाला म्हणालास?

गेथिन : साडेदहाला. तुम्ही येताय?

इस्लविन : आज तुझ्याबरोबरच निघतो. रात्री तिला झोपवताना कोण काय म्हणतं तेही तपासायचंय. जोसाया पुन्हा घुसायला नको.

नेस्टा : मी पण येते. मला माझी नात बघायचीय, तुम्ही तुमचा कारकून बघा. मोजे घे जाडे, ट्रेगॅरनला गारठा असतो.

गेथिन : गाडी दारातच आहे. मी मागची सीट मोकळी करतो.

इस्लविन : नेस्टा.

नेस्टा : काय?

इस्लविन : पुढे मला बसू देशील? मागे बसलं की डोंगरातल्या वळणांवर मला मळमळतं.